हाकेला ओ

१

अडकित्त्याचा आवाज. आधी दोनदा हलकेच टकटक, मग कट्ट.

सुपारी पात्यात नीट बसली की नाही हे पाहायला रहमतबी तिला आधी दोनदा ठोकायची आणि मगच कातरायची. आर्णीत पिंजाऱ्यांच्या मोहल्ल्यात, दुपारची जेवणं आटोपली की हा आवाज यायचा. आवाज आला की घरातल्यांनी समजून घ्यायचं, भाभी आता बसली. आता तिला कोणी उठवायचं नाही.

तोच आवाज नासिरनं भर समुद्रात ऐकला, तेव्हा रहमतबीला मातीत जाऊन साडेतीन महिने झाले होते.

ही साठ सालची गोष्ट. नासिरचा मोठा भाऊ अब्दुल गनी आणि त्याची बायको रहमतबी हजला जायची होती. दोघांचे अर्ज मंजूर झाले होते, तिच्या कपड्यांचे दोन नवे जोडही शिवून ठेवले होते. जानेवारीत तिला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली. मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी धावपळ करून तिच्या जागी नासिरचे कागद करून दिले. म्हणाले, गनीला एकटं पाठवण्यात अर्थ नाही, त्याचं चित्त ठिकाणावर नाही.

नासिर चार वर्षांचा असताना त्याची आई वारली. त्याच साली रहमतबी लग्न होऊन घरात आली होती. तिची स्वतःची मुलगी सईदा फार उशिरा झाली. तोवर नासिरलाच तिनं न्हाऊ-माखू घातलं, भरवलं, मारलं, जवळ घेतलं. ती गेली त्या दिवशी नासिर गाद्या भरायच्या कामाला राळेगावकडे गेला होता. तो परत आला तेव्हा माती वाळली होती.

निघायच्या दिवशी मोटारीजवळ सईदा चाचाचा हात धरून उभी राहिली. एकोणीस वर्षांची पोर. आई गेली, आता बाप समुद्रापलीकडे चालला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "चाचा, अब्बाले जसे नेऊन राह्यले तसेच आनजा."

"आनतो," नासिर म्हणाला. त्याला वाटलं, एवढं तर आपल्या हातात आहे.

२

यवतमाळहून लहान गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई. मुसाफिरखान्यात आठ दिवस काढल्यावर धक्क्यावर जायचा दिवस आला. हजारभर माणसं, तेवढ्याच ट्रंका, वळकट्या, तांब्या-लोटे. एक कारकून टेबलावर चढून यादी वाचत होता. त्याची यादी जुनी होती, हे कोणाला माहीत नव्हतं.

"अब्दुल गनी, आर्णी."

"हाजिर."

"रहमतबी, जौजे अब्दुल गनी."

नासिर पुढे व्हायला निघाला. भाभीच्या जागेवर आता मी आहे, हे त्याला सांगायचं होतं. तेवढ्यात शेजारून गनीभाई हळूच म्हणाले, "हाजिर."

कारकुनानं मान वर केली. गर्दीत बुरख्यातल्या पन्नास बाया होत्या. त्यानं खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. नासिरचं नाव तळाशी शाईनं लिहिलेलं निघालं. म्हणजे आर्णीची दोन माणसं, आणि यादीत नावं तीन.

नासिरनं भावाला विचारलं, काहून ओ दिली. गनीभाई ट्रंकेची दोरी आवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तिचं नाव घेतलं ना बा त्यानं. कोनीच ओ नाही देली तं बरं दिसते का?"

नासिरला ते खरंच वाटलं. मेलेल्याचं नाव कोणी पुकारलं तर गप्प राहायला जीव होत नाही. त्यानंही दिली असती.

३

जहाजाच्या खालच्या मजल्यावर ओळीनं बिछाने होते. शेजारचा बिछाना दारव्ह्याच्या वाहिदचा. सायकली दुरुस्त करणारा, बोलघेवडा माणूस. तिसऱ्या दिवशी समुद्र लागून सगळे आडवे झाले तरी त्याचं तोंड चालूच होतं.

पाचव्या दिवशी दुपारी नासिर डोळे मिटून पडला होता. तेव्हा तो आवाज आला. टकटक. कट्ट.

त्यानं आधी स्वतःची समजूत घातली. जहाजाला हजार सांधे असतात. वर दोरखंड असतात, साखळ्या असतात. एखादी कडी कुठं तरी आपटत असेल. तो मनातल्या मनात मोजत राहिला. कडी असती तर लाटेबरोबर वाजली असती. हा आवाज थांबत होता, सुपारीचं खांड बाजूला ठेवायला लागतो तेवढा वेळ, आणि पुन्हा येत होता. टकटक. कट्ट.

त्यानं डोळे उघडले. गनीभाई भिंतीला टेकून बसले होते. एक गुडघा उभा, एक मुडपलेला. दोन्ही हात मांडीवर होते. उजव्या हाताची मूठ उघडत होती, मिटत होती. हातात काही नव्हतं.

"भाई," नासिर म्हणाला.

आवाज थांबला. हातही थांबले. गनीभाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि पोरगं झोपेतून उठलं की घरची बाई जशी पाहते तसं पाहून पुन्हा तोंड फिरवलं. अडकित्ता तर आर्णीला होता, कोनाड्यात. नासिरनं निघताना तो पाहिला होता.

सातव्या की आठव्या दिवशी एहराम बांधायची वेळ झाल्याचा भोंगा झाला आणि पुरुषांनी अंगावरचे कपडे उतरवून बिनशिवणीच्या दोन पांढऱ्या चादरी घेतल्या. आता डोकं उघडं ठेवायचं. घटकाभरात सगळं जहाज पांढरं झालं. गनीभाईंनीही चादरी घेतल्या. पण वरची चादर त्यांनी डोक्यावरून ओढून घेतली आणि तिचं टोक दातात धरलं.

नासिरनं ती हळूच मागे सारली. त्यांनी पुन्हा ओढली. त्यानं पुन्हा सारली, समजावून सांगितलं, की भाई, पुरुषांनी डोकं झाकायचं नाही, आपल्याला मौलवीसाहेबांनी शिकवलं ना. तेव्हा गनीभाई अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "इतक्या मर्दांत?"

वाहिदनं ते ऐकलं. नंतर तो नासिरच्या कानाशी लागला, "सगळ्यायच्या बायका घरी राह्यल्या, तुह्या भावाची तेवढी संग आली म्हनायची." म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यानं ओशाळला. पुढे त्यानं ती थट्टा कधी केली नाही.

४

हज चोख पार पडलं. नासिरनं भावाचा हात धरून सगळं केलं, आणि त्या दिवसांत गनीभाई इतके शांत होते की नासिरला वाटलं, फिटलं. जे काय होतं ते धुऊन गेलं.

मग परतीच्या जहाजासाठी जिद्दात थांबावं लागलं. मुसाफिरखान्याची एक लांब खोली, चुन्याच्या भिंती, वर एक झरोका. त्या खोलीत गनीभाईंनी जेवण सोडलं. पाणी घ्यायचे, तेही पाठ करून. 'गनीभाई' म्हटलं तर वळायचे नाहीत. खोलीत आणखी कोणी गनी असेल, त्यानं उत्तर द्यावं, असे स्वस्थ बसायचे.

परक्या मुलखात माणूस तापानं पडला तर निदान कपाळाला हात लावून दाखवता येतं. नासिरला काय दाखवायचं ते समजेना. तो एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी गेला. पहारेकऱ्याला त्यानं डोक्याकडे बोट दाखवलं, मग तोंडाशी घास नेऊन मान हलवली. पहारेकरी भला माणूस होता. त्यानं आत जाऊन डोकेदुखीच्या चार गोळ्या आणून दिल्या.

दुसऱ्या दिवशी एका शिपायानं दोघांना गाडीत घालून दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथं भावाची छाती ऐकली, जीभ पाहिली, डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, सुईनं साखरपाणी दिलं. सगळ्यांनी प्रेमानं केलं. तुम्ही कोण आहात, एवढं मात्र त्या माणसाला त्याच्या बोलीत विचारणारं तिथं कोणी नव्हतं.

मग वाहिद धावत आला, म्हणाला, मासळीबाजाराच्या पुढे हिंदुस्थानी हाजींसाठी दवाखाना आहे, आणि तिथला डॉक्टर आपल्यासारखं बोलतो.

५

डॉक्टर वयस्क होते, भोपाळकडचे. त्यांनी नासिरचं सगळं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं. इतक्या दिवसांत प्रथमच कोणी तरी आपलं ऐकतं आहे, या जाणिवेनंच नासिरला भरून आलं.

मग त्यांनी गनीभाईंना नाव विचारलं. उत्तर आलं नाही. घरी कोण कोण आहे, विचारलं.

"सईदा आहे," गनीभाई म्हणाले. "नासिर आहे, लहान आहे अजून. ते आहेत."

ते म्हणजे कोण, डॉक्टरांनी विचारलं. गनीभाईंनी मान खाली घातली, चादरीचा काठ पुढे ओढला, आणि लाजल्यासारखं किंचित हसले. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही. डॉक्टरही त्याच रिवाजाच्या घरातले असावेत. त्यांचा टाक कागदावर तसाच थांबला.

नासिरला बाहेर नेऊन त्यांनी समजावलं, की घाबरू नका. दुःख मोठं असतं आणि मुलूख परका असतो, तेव्हा माणसाचं मन कधी कधी स्वतःला सोडून जातं. आपल्या ओळखीचं काहीच भोवती नसलं की परत यायची वाट सापडत नाही. असे हाजी त्यांनी आधीही पाहिले होते, आणि बरे झालेलेही पाहिले होते. पहिल्या जहाजात जागा मिळवून देतो म्हणाले. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी देतो म्हणाले. तोवर दोन कामं. पोटात अन्न जाऊ द्या. आणि दिवसातून शंभर वेळा त्यांना त्यांच्या नावानं हाक मारा.

"दुसऱ्या नावानं नाही," ते म्हणाले. हिंदीतच म्हणाले, पण नासिरच्या मनात ते कायम आपल्या बोलीतच राहिलं. "कितीही जीव तुटला तरी त्या नावानं हाक मारायची नाही. ज्याले तुमी बोलवान, तेच राहीन."

६

गनीभाई. गनीभाई. अब्दुल गनी, आर्णीवाले. नासिरनं शंभराच्या वर मोजणं सोडलं. खोलीतली माणसं कंटाळून व्हरांड्यात जाऊन बसू लागली.

दुपारी खोलीत ते दोघंच असत. झरोक्यातून उजेडाचा एक चौकोन भिंतीवर पडे आणि हळूहळू सरके. चौकोन कोपऱ्याशी पोचला की टकटक, कट्ट. नासिर आता तिकडे पाहत नसे. भावाच्या दातांचा आवाज असेल. उपाशी माणसाचे दात वाजतात, असं त्यानं कोणाकडून तरी ऐकलं होतं. कोणाकडून, ते आठवत नव्हतं.

डॉक्टर स्वतः दोनदा येऊन सुई टोचून गेले. म्हणाले, सुईवर माणूस जगत नाही.

शुक्रवार होता. अन्न तुटून सहावा दिवस. जुम्याची नमाज आटोपून नासिर मऊ भाताचा वाडगा घेऊन आला. गनीभाईंचे ओठ फुटले होते. मनगटं अशी झाली होती की उचलली तर मोडतील. नासिर हाका मारत राहिला. भात निवला. पापण्यासुद्धा हलल्या नाहीत.

आपण इथून माणूस नेत नाही, त्याच्या मौतीचा कागद नेतो आहोत, असं त्याला दिसू लागलं. मोटारीजवळ उभी असलेली सईदा दिसू लागली. आणि मग त्याच्या तोंडून गेलं.

"भाभी, दोन घास खाय ना. माह्यासाठी."

तोंड उघडलं.

सात घास गेले. नासिर रडत रडत भरवत होता. वाडगा रिकामा झाला तेव्हा चादरीचं टोक पुढे आलं आणि कोणी तरी त्याचंच तोंड पुसलं. ओठांच्या दोन्ही कडा, मग हनुवटी. लहानपणी जेवण झाल्यावर पुसायची तसं. जेवला तो नव्हता, तरी पुसलं.

नासिरनं डोळे मिटून घेतले. त्याला भीती वाटायला हवी होती. ती वाटली, पण मागाहून. आधी वाटलं ते दुसरंच होतं, आणि ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही.

७

सतरा दिवसांनी दवाखान्याच्या पत्त्यावर सईदाचं पत्र आलं. दवाखाना सापडला त्याच दिवशी नासिरनं तो पत्ता कोणाकडून तरी लिहून घेऊन घरी कळवला होता. त्याला वाचता येत नव्हतं. कंपाउंडरनं वाचून दाखवलं.

सईदानं ते मोहल्ल्यातल्या रौशनकडून लिहून घेतलं होतं. रौशन चार बुकं शिकलेली. सगळ्यांची खुशाली होती. मग लिहिलं होतं, अब्बा शुक्रवारी सुखरूप घरी पोचले. बोलणं कमी करतात, पण जेवण बरं आहे. विचारलं तर म्हणतात, नासिर मागून येते. चाचा, तुमी काहून मागे राह्यले?

कंपाउंडर हसला. पोरीनं तारखांचा घोळ केला म्हणाला. नासिरनं त्याला शुक्रवारची तारीख विचारली. त्यानं पुन्हा पाहून सांगितली. नासिरनं पहिल्यांदा भाभी म्हणून हाक मारली, तोच शुक्रवार.

नासिरनं खूप विचार केला. सईदाला ऐन वयात आई सोडून गेली. तीही एकटीच आहे घरात. तिनं स्वप्न पाहिलं असेल. किंवा दुसऱ्या कोणाचं पत्र आपल्या पाकिटात आलं असेल. पण रौशन लिहिताना स्वप्न कशी लिहील, आणि तिनं तरी गनीभाईंना पाहिलं असेलच ना. या प्रश्नाशी येऊन त्याचा विचार रोज थांबायचा.

शेवटी त्यानं डॉक्टरांना सगळं कबूल केलं. शुक्रवारचं, हाकेचं. तेव्हापासून तो रोज त्याच नावानं भरवतो आहे आणि माणूस अंग धरू लागलं आहे, हेही. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पत्र स्वतः वाचलं, घडी केली, परत दिलं. जहाज परवा आहे, एवढंच म्हणाले. घरी न्या. नागपूरची चिठ्ठी देताना त्यांनी नावाची जागा कोरी सोडली होती, हे नासिरला फार दिवसांनी दुसऱ्या कोणी सांगितलं.

८

हाजी परत आला की आर्णीत मोटारीजवळ सगळा मोहल्ला जमतो. हार असतात, गुलाबपाणी असतं, म्हातारी माणसं हाजीचे हात डोळ्यांना लावतात. नासिरनं मुंबईहून तार केली होती.

जुलैची दुपार होती. मोटार थांबली तेव्हा कोणीच आलेलं नव्हतं. चहावाले रामराव फडकं झटकत पुढे आले.

"नासिर, कोठी राह्यला होता गड्या? गनीभाई तं येऊन महिना झाला. आमी तवाच हार घातले." मग नासिरच्या मागे शालीत गुरफटून उतरलेल्या माणसाकडे पाहून त्यांनी अदबीनं नजर खाली केली आणि विचारलं, "संगच्या बाई कोन आहेत?"

 नासिरनं ट्रंक खांद्यावर घेतली. मागून पावलं येत होती, लहान, भरभर. बाजारातून, मशिदीवरून, बोळातून. वाट त्याला दाखवावी लागली नाही. एका ठिकाणी पावलं थांबली, तेव्हा तोही थांबला. वळून पाहिलं नाही. पावलं पुन्हा चालू लागली.

दार उघडंच होतं. सईदा उंबऱ्यात आली. चाचाला पाहून तिचं तोंड उजळलं. मग तिनं शालीकडे पाहिलं. शालीच्या आत, चेहऱ्याकडे. तिनं काय पाहिलं ते तिनं पुढे कधी सांगितलं नाही. हातातली ओढणी तिनं तोंडाशी नेली आणि ती भिंतीला टेकली.

आतल्या खोलीच्या पडद्यामागे कोणी खोकलं. घशात कापसाचा तंतू अडकलेला, पिंजाऱ्याचा खोकला. पडद्याखाली दोन पाय दिसत होते. रुंद, भेगाळलेले, घरच्या मातीनं भरलेले. नासिर ते पाय जन्मापासून ओळखत होता. आपल्या शेजारी शालीत उभ्या असलेल्या माणसाच्या पायांकडे त्यानं पाहिलं नाही.

"कोन आलं वं, सईदा?" आतून गनीभाईंनी विचारलं.

 सईदा चाचाकडे पाहत राहिली. दिवसभराची भूक, समुद्र, सगळे महिने तिच्या त्या पाहण्यापुढे लहान झाले. अब्बाले जसे नेऊन राह्यले तसेच आनजा.

"नासिर? तूच होय ना रे?" पडदा जरासा हलला. "संग कोन आहे?"

शेजारचं माणूस उभंच होतं, उंबऱ्याच्या बाहेर. आत पाऊल टाकलं नव्हतं. शालीतून नासिरच्या तोंडाकडे पाहत होतं. ते पाहणं नासिरला कळत होतं. ते हाकेची वाट पाहणं होतं. एक हाक मारली की ते आत येणार होतं, चुलीपाशी बसणार होतं, त्याला जेवायला वाढणार होतं. ज्याले तुमी बोलवान, तेच राहीन. आणि एका घरात दोघांना जागा नव्हती, हेही त्याला कळत होतं. कसं, ते नाही.

शब्द त्याच्या जिभेवर आला होता. चार वर्षांचा असल्यापासून तो शब्द दिवसातून पन्नासदा त्याच्या तोंडात यायचा. ती गेली त्या दिवशी तेवढा म्हणायचा राहिला होता.

त्यानं ओठ दाबून धरले.

"कोनी नाही, भाई," तो म्हणाला. "मीच आहो."

बोळात ऊन पडलं होतं. कोणाची तरी कोंबडी भिंतीच्या कडेनं चोच मारत चालली होती. नासिरच्या तोंडाशी शालीचं टोक आलं. ओठांच्या दोन्ही कडा, मग हनुवटी. त्यानं मान वर केली नाही. मग तिनं शाल डोक्यावर सारखी केली आणि बोळानं निघून गेली.